आतड्याचं ऑपरेशन आणि रक्ताची पिशवी

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा लेख मागच्या अंकात छापला, त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरत होती. रक्त चढवायचं का, किती, कोणाचं, आणि चढवलं तर कॅन्सर परत येतो हे खरं का? म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. उत्तरं सर्जरी, भूलशास्त्र आणि रक्तपेढी अशा तिन्ही बाजूंनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळून गाव तेवढं ठेवलं आहे.

माझे वडील ६८ वर्षांचे, वजन ५२ किलो. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ आहे, बायॉप्सीत कॅन्सर आला. हिमोग्लोबिन ७.९ आहे. ऑपरेशन तीन आठवड्यांनी ठरलंय. ‘आदल्या दिवशी ॲडमिट करा, दोन पिशव्या चढवू’ असं सांगितलंय. तोवर लोहाच्या गोळ्या चालू आहेत. एवढ्यावर थांबावं का? (सातारा)

थांबू नका. तीन आठवडे म्हणजे बराच वेळ हाताशी आहे, आणि नुसत्या गोळ्यांवर तो वाया जाईल.

आधी हिमोग्लोबिन इतकं का उतरलं ते बघू. उजव्या बाजूचं आतडं रुंद असतं आणि तिथला मळ पातळ असतो, त्यामुळे गाठ मोठी झाली तरी संडासला अडत नाही. ती रोज थोडी थोडी झिरपत राहते. रक्त मळात मिसळून जातं, डोळ्यांना लाल काही दिसत नाही. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, आणि आपलं आतडं दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं. रोज १० मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे रक्त झिरपलं तरी ५ मिलिग्रॅम लोह गेलं. जमा आणि खर्चाचा मेळ बसणारच नाही.

गोळ्यांची अडचण वेगळी आहे. गाठीमुळे शरीरात दाह असतो. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि ते आतड्यातून लोह रक्तात शिरायचा दरवाजाच बंद करतं. गोळी पोटात जाते, मळ काळा होतो, मळमळ होते, हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. गाठीने आतडं अरुंद झालं असेल तर गोळ्यांनी होणारी बद्धकोष्ठताही अंगाशी येऊ शकते.

म्हणून आजच या तपासण्या मागा: सीबीसी, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचा अंदाज), सीआरपी (दाहाची खूण), बी-१२, फॉलिक ॲसिड, क्रिएटिनिन. फेरिटिन ३०च्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. सीआरपी वाढलेलं असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं. अशा वेळी फेरिटिन १००च्या खाली आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असलं तरी कमतरताच समजायची. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे. ते भरून काढलं नाही तर नुसत्या लोहाने काम होत नाही. आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) फार कमी पण फेरिटिन चांगलं असं निघालं तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) करून थॅलेसीमिया मायनर आहे का ते बघावं. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या रुग्णांत सिकलसेलही बघावं. हे सगळे नमुने रक्त चढवायच्या आधी घ्या. एकदा दुसऱ्याचं रक्त आत गेलं की एचपीएलसी तीन महिने भरवशाची राहत नाही. हा क्रम वॉर्डात हमखास उलटा होतो.

लोह कमी निघालं तर शिरेतून द्यायचं. किती द्यायचं याचं जुनं सूत्र आहे: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. तुमच्या वडिलांसाठी लक्ष्य १३ धरलं तर तूट ५.१. म्हणजे ५२ × ५.१ × २.४ = ६३६, अधिक ५००, एकूण साधारण ११४० मिलिग्रॅम. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज वापरलं तर एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटांत. उरलेलं सात दिवसांनंतर. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण एका बैठकीत २०० मिलिग्रॅम आणि आठवड्यात तीनदा, म्हणजे सहा खेपा आणि दोन आठवडे. दोन्ही चालतात, फक्त सुरुवात या आठवड्यात व्हायला हवी. सुई शिरेत नीट बसली आहे ना हे बघून घ्या. औषध कातडीखाली गेलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असेल तर लोह थांबवायचं. दिल्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं.

आता खरं ते सांगायला हवं. शिरेतून लोह दिलं की ऑपरेशनच्या दिवशी हिमोग्लोबिन १३ होईल, असं नाही. नेदरलँड्समधल्या आतड्याच्या कॅन्सरच्या २०२ रुग्णांवरच्या चाचणीत ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन नॉर्मलला आलेले रुग्ण शिरेतल्या लोहाने १७ टक्के आणि गोळ्यांनी १६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. पण ऑपरेशननंतर ३० दिवसांनी तेच आकडे ६० आणि २१ टक्के झाले. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ४८७ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही (२०२०) शिरेतल्या लोहाने रक्ताच्या पिशव्या कमी लागल्या नाहीत, मात्र आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन चांगलं होतं आणि पुन्हा ॲडमिट व्हावं लागलेले कमी होते. आमचं मत असं की या वयात बरं होण्याची आणि पुढे केमो लागली तर ती झेपण्याची ताकद महिन्याभराने लागते, आणि लोह तिथे उपयोगी पडतं.

आणि त्या दोन पिशव्या? तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९-९.५ झालं, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, चक्कर यातलं काही नसलं, तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारा की पिशव्या चढवण्याऐवजी क्रॉसमॅच करून (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून) राखून ठेवता येतील का. हृदयाचा आजार असेल किंवा आकडा ८च्या खालीच राहिला, तर एक पिशवी, दिवसाउजेडी, एक-दोन दिवस आधी, मग पुन्हा तपासणी. ५२ किलोच्या म्हाताऱ्या माणसाला एका रात्रीत दोन पिशव्या म्हणजे फुप्फुसात पाणी साचण्याला आमंत्रण आहे. आणि आतडं अडलं असेल किंवा रक्त वाहतच असेल तर हे सगळं बाजूला. तिथे ऑपरेशन थांबवायचं नाही, लागेल तेवढं रक्त द्यायचं.

आईचं गुदाशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन पिशव्या लागल्या. नंतर कुठेतरी वाचलं की रक्त चढवलं की कॅन्सर परत येतो. तेव्हापासून झोप नाही. आम्ही नको म्हणायला हवं होतं का? (नागपूर)

नाही. लागलेलं रक्त नाकारलं असतं तर धोका त्या दिवशीच होता.

पण तुम्ही वाचलं ते पूर्ण खोटंही नाही, म्हणून नीट उलगडून सांगतो. १९७३ मध्ये किडनीरोपणाच्या रुग्णांत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ज्यांना आधी रक्त चढवलं होतं त्यांच्या शरीरात नवी किडनी जास्त टिकत होती. दुसऱ्याचं रक्त आत गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दबते, असा त्याचा अर्थ लावला गेला. किडनीसाठी ते चांगलं. पण कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशी शोधून मारायचं काम हीच प्रतिकारशक्ती करते. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बरोज आणि टार्टर यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये, रक्त चढवलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं असं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. तिथून पुढे याच प्रश्नावर अभ्यासांची रांग लागली. २००६ मध्ये अशा ३६ अभ्यासांतले १२,१२७ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा आजार उलटण्याचे ‘ऑड्स’, म्हणजे आजार उलटलेले आणि न उलटलेले यांचं गुणोत्तर, १.४२ पट निघाले.

१.४२ पट म्हणजे किती? समजा, रक्त न लागलेल्या १०० जणांपैकी ३० जणांत आजार उलटतो. मग या हिशेबाने रक्त लागलेल्यांत तो साधारण ३८ जणांत उलटेल. ‘रक्त दिलं की परत येतोच’ यापासून हे फार लांब आहे.

आणि हे जास्तीचे आठ जण रक्तामुळेच, असंही म्हणता येत नाही. रक्त कोणाला लागतं? ज्याची गाठ मोठी आहे, चिकटलेली आहे, ऑपरेशन लांबलं, वय जास्त, हिमोग्लोबिन आधीच कमी. आजार उलटण्याची कारणंही जवळपास हीच. नेदरलँड्सच्या ४७५ रुग्णांच्या चाचणीने (१९९३) हा गुंता चांगला सोडवला. अर्ध्यांसाठी स्वतःचंच आधी काढून ठेवलेलं रक्त, अर्ध्यांसाठी दात्याचं. दुसऱ्याचं रक्तच दोषी असतं तर स्वतःचं रक्त मिळालेल्यांचं भलं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही, दोन्ही गट सारखेच राहिले. मात्र दोन्ही गटांत, रक्त लागलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण न लागलेल्यांच्या दुपटीच्या आसपास होतं. म्हणजे रक्ताची गरज पडणं हीच मुळात कठीण आजाराची खूण होती.

जंतुसंसर्गाची बाजू मात्र जास्त गंभीर आहे. २०१२ मध्ये ५५ अभ्यासांतल्या २०,७९५ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला. त्यात रक्त चढवलेल्यांत ऑपरेशननंतरच्या संसर्गाचे ऑड्स तीनपटींहून जास्त होते. जखम पिकणं, पोटात पू साठणं, न्यूमोनिया. यातही वरचाच गुंता आहे, पण संसर्ग झाला की केमो लांबते. कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात (लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला) असेल तर केमो ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. तेव्हा अनावश्यक पिशवी टाळण्याचं सर्वांत ठोस कारण हे आहे.

आईच्या बाबतीत आता बघायचं ते पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये. किती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या (किमान १२ हव्यात), त्यांतल्या किती बाधित निघाल्या, कापलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का. पुढची तपासणी रक्त लागलं म्हणून बदलत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए (कॅन्सर उलटल्याची खूण शोधणारी रक्ततपासणी), मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तसं सीटी स्कॅन, आणि एका वर्षाने कोलोनोस्कोपी. ऑपरेशनआधी गाठीमुळे दुर्बीण पूर्ण आत गेली नसेल तर कोलोनोस्कोपी वर्षाची वाट न बघता तीन ते सहा महिन्यांत करून घ्या. तीन पिशव्यांचं ओझं मनावर ठेवू नका, या तारखा मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रक्तपेढीत ‘फिल्टर केलेलं’ रक्त जास्त पैसे घेऊन देतात. घ्यावं का? (ठाणे)

फिल्टरने पिशवीतल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी गाळल्या जातात. कॅनडा आणि ब्रिटनने १९९९ च्या सुमारास सगळंच रक्त असं गाळायला सुरुवात केली. आपल्याकडे तशी सक्ती नाही. फायदा नक्की आहे: थंडी-ताप येणं कमी होतं आणि पुढे अनेकदा रक्त लागणार असेल तर परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होण्याचा त्रास कमी होतो. कॅन्सर उलटणं मात्र त्याने थांबत नाही. नेदरलँड्सच्या एका चाचणीत (१९९४) आतड्याच्या कॅन्सरच्या ६९७ रुग्णांत गाळलेल्या रक्ताने काहीच फरक पडला नाही. डेन्मार्कच्या एका चाचणीत संसर्ग कमी झाला होता. परवडत असेल तर घ्या, विशेषतः केमोत आणखी रक्त लागेल असं दिसत असेल तर. त्यासाठी कर्ज काढू नका. आणि गाळायचंच तर ते रक्तपेढीत, पिशवी साठवण्यापूर्वी गाळलेलं चांगलं. खाटेशी फिल्टर लावला तोवर पांढऱ्या पेशींनी पिशवीत सोडायचं ते सोडलेलं असतं.

बाबांना माझं रक्त द्यायचं आहे. ग्रुप जुळतो. घरचं रक्त सगळ्यात सुरक्षित ना? (कोल्हापूर)

इथे भावना बरोबर आहे, पण हिशेब उलटा. मुलगा, मुलगी, सख्खा भाऊ, बहीण यांचं रक्त थेट देणं टाळायचं असतं. जवळच्या नातलगाच्या पांढऱ्या पेशी बाबांच्या शरीराला आपल्याच वाटू शकतात, त्यामुळे त्या मारल्या जात नाहीत. त्या तिथे रुजतात, वाढतात आणि उलट बाबांच्याच कातडीवर, आतड्यावर, यकृतावर आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतात. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ, जुलाब, मग रक्तपेशी उतरत जातात. हे फार दुर्मीळ आहे, पण झालं तर दहातले नऊ वाचत नाहीत. आधीच्या उत्तरातला फिल्टर यावर पुरेसा नाही. उपाय एकच, पिशवीला २५ ग्रे (किरणोत्सर्गाचं एकक) इतका किरणोत्सर्ग देणं, आणि ती सोय सगळ्या रक्तपेढ्यांत नसते.

तुम्ही रक्त जरूर द्या, पण ते रक्तपेढीच्या साठ्यात. बाबांना त्याच ग्रुपची अनोळखी दात्याची पिशवी मिळेल, तुमची दुसऱ्या कोणाला.

रक्त ताजं, आजच काढलेलंच हवं असा आग्रह धरावा का? (सोलापूर)

नको. आयसीयूतल्या २,४३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) एका गटाला सरासरी ६ दिवसांचं, दुसऱ्याला २२ दिवसांचं रक्त दिलं. ९० दिवसांतले मृत्यू ३७ आणि ३५ टक्के, म्हणजे ताज्या रक्ताने काही साधलं नाही. आजच काढलेल्या रक्ताच्या आग्रहापायी घाईत दाता शोधला जातो, आणि ‘ओळखीचा’ म्हणून आणलेला तो पैसे घेऊन रक्त देणारा अनोळखी माणूस निघतो. पैसे घेऊन रक्त देणं देशात १ जानेवारी १९९८पासून बंद आहे, ते यासाठीच. पिशवीवरची मुदत बघा, तेवढं पुरे. सॅगएम या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातल्या पॅक्ड सेलची (वेगळ्या काढलेल्या लाल पेशींची) मुदत ४२ दिवस असते.

आईचं हिमोग्लोबिन ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ८.२ आलं. रक्त द्या म्हणालो, डॉक्टर नको म्हणाले. पैसे वाचवताहेत का? (नाशिक)

पैसे वाचवत नाहीत, आईला पिशवीच्या धोक्यांपासून वाचवताहेत.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. रक्त गेलेलं असतं आणि सलाइनने उरलेलं पातळ झालेलं असतं. स्थिर रुग्णाला ७च्या खाली आणि हृदयाचा आजार असलेल्याला ८च्या खाली गेलं की रक्त द्यायचं, असा आता बहुतेक ठिकाणी रिवाज आहे. पूर्वी १० हा आकडा धरत. तो बदलायला १९९९ मध्ये कॅनडाच्या आयसीयूतल्या ८३८ रुग्णांवरची चाचणी कारणीभूत ठरली. ७ पर्यंत थांबल्याने मृत्यू वाढले नाहीत.

पण आकडा म्हणजे सर्वस्व नाही. ब्राझीलमध्ये कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर आयसीयूत आलेल्या १९८ रुग्णांत उलटं दिसलं. ७ पर्यंत थांबलेल्या गटात मोठ्या गुंतागुंती ३५.६ टक्के, ९ ला रक्त दिलेल्या गटात १९.६ टक्के. एकाच हॉस्पिटलची छोटी चाचणी आहे, पण आयसीयूतला नाजूक कॅन्सर रुग्ण असेल तर आम्ही ७ वर हटून बसणार नाही. तुमची आई उठून बसतेय, दोन पावलं चालतेय, लघवी नीट होतेय, नाडी १००च्या आत आहे, तर ८.२ला थांबणं बरोबर. छातीत दुखलं, धाप लागली, नाडी वाढत चालली, ड्रेनमध्ये (पोटात ठेवलेल्या नळीत) लाल रक्त वाढलं किंवा काल ९.५ होतं आणि आज ८.२ झालं, तर तो आकडा वेगळा बोलतो. तेव्हा आधी ‘रक्त कुठे जातंय?’ हे शोधायचं, पिशवी नंतर.

दिलीच तर एक पिशवी द्यायची आणि पुन्हा मोजायचं. ‘दोन द्या म्हणजे खात्री’ ही सवय सोडायला हवी. एका पिशवीने सरासरी बांध्याच्या माणसात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅम वाढतं. ३५० मिलिलिटर रक्त काढलेली पिशवी असेल तर थोडं कमी.

पिशवी लावताना रात्री वॉर्डात मी एकटाच असतो. नातेवाइकाने काय बघावं? (परभणी)

फार उपयोगाचा प्रश्न. चुका बहुधा इथेच होतात, आणि घातक चूक एकच, एकाचं रक्त दुसऱ्याला. तिची सुरुवात पिशवीपाशी होत नाही, दोन दिवस आधी क्रॉसमॅचचा नमुना घेताना होते. ट्रेमध्ये तीन नळ्या आणि लेबलं नंतर लावली, की गोंधळ. नळीवर नाव खाटेशीच लिहिलं जातंय ना ते बघा आणि रुग्णाला स्वतःचं पूर्ण नाव सांगू द्या. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलं तर अर्धवट झोपेतला माणूस कोणत्याही नावाला हो म्हणतो.

पिशवी आली की दोघांनी, सिस्टर आणि डॉक्टरांनी, रुग्णाचं नाव, केस पेपर नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर आणि मुदत क्रॉसमॅचच्या चिठ्ठीशी ताडून बघायची. तुम्ही शेजारी उभं राहून ऐका. रक्त जांभळट-काळं, गाठी झालेलं किंवा पिशवी गळकी वाटली तर लावू देऊ नका. रक्तपेढीच्या फ्रिजमधून निघाल्यापासून अर्ध्या तासात ती सुरू व्हायला हवी. उशीर होत असेल तर अर्ध्या तासाच्या आत परत पाठवायची. वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. ‘गार आहे’ म्हणून कोमट पाण्यात बुडवायची तर मुळीच नाही, पेशी फुटतात.

सेट रक्ताचाच हवा, जाळी असलेला. साधा सलाइनचा नको. त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाइन चालतं. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने रक्त गोठतं, डेक्स्ट्रोजने पेशी फुगून फुटतात. अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू पिशवीच्या नळीत द्यायचं नाही.

पहिली १५ मिनिटं खाट सोडू नका. तेवढ्या वेळात धार मंद असते, साधारण २५-३० मिलिलिटर आत जातं, आणि मोठी रिॲक्शन बहुतेक वेळा तेवढ्यातच तोंड दाखवते. थंडी वाजणं, ताप एक अंश सेल्सिअसने चढणं, कंबर दुखणं, छाती आवळणं, अंगावर गांधी, लघवी लाल होणं. यातलं काहीही झालं तर हाक मारा आणि पिशवी बंद करायला सांगा. सुई काढायची नाही, नवा सेट लावून सलाइन चालू ठेवायचं. पिशवी आणि सेट फेकून न देता रक्तपेढीला परत द्यायचे, म्हणजे चूक कुठे झाली ते शोधता येतं. अशा घटनांची नोंद ठेवण्यासाठी देशात २०१२ पासून हिमोव्हिजिलन्सचा कार्यक्रमही आहे.

पूर्ण पिशवी चार तासांत संपली पाहिजे. वयस्कर माणसाला दोन-तीन तास द्यावेत. संपल्यानंतर पुढच्या बारा तासांत खोकला, धाप, उशा उंच कराव्याशा वाटणं हे रक्त जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं. ‘थकवा असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

बीट, डाळिंब, खजूर, अळिवाचे लाडू यांनी ऑपरेशनआधी रक्त वाढेल का? (चिपळूण)

महिन्याभरात हजार मिलिग्रॅमची तूट बिटाने भरत नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी, आणि वनस्पतीतलं लोह शोषलंही कमी जातं. रंग लाल म्हणून रक्त वाढतं हा समज. अळीव लोहाने खरोखर समृद्ध आहेत, पण गाठीने आतडं अरुंद झालेलं असताना अळीव, डाळिंबाच्या बिया, चोथा असलेल्या भाज्या अडकू शकतात. पोट फुगणं, मुरडा येणं होत असेल तर मऊ भात, दही, अंडी, चालत असेल तर मासे असं साधं ठेवा. त्यात प्रथिनं भरपूर, आणि जखम भरायला तीच लागतात. चहा जेवणापासून दीड-दोन तास लांब.

मी ५६ वर्षांचा. संडासला अधूनमधून रक्त, मूळव्याध म्हणून औषध घेतो. हिमोग्लोबिन ९ आलं, टॉनिक दिलंय. आणखी काही करावं का? (जळगाव)

कोलोनोस्कोपी करा, याच महिन्यात. मूळव्याधीनेही हिमोग्लोबिन उतरू शकतं, पण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर आतड्यात गाठ नाही हे दुर्बिणीने बघितल्याशिवाय मूळव्याधीवर शिक्का मारायचा नाही. मूळव्याध आणि गाठ दोन्ही एकाच माणसात असू शकतात. टॉनिकने किंवा दोन पिशव्यांनी आकडा वर आला की सगळे निर्धास्त होतात आणि गाठीला आणखी सहा महिने मिळतात. तपासणीआधी पाच ते सात दिवस लोहाच्या गोळ्या बंद ठेवा. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, आणि दुर्बिणीला नीट दिसत नाही.

आधी स्वतःचंच रक्त काढून ठेवलं तर? किंवा रक्त वाढवायचं इंजेक्शन? (पुणे)

ज्याचं आधीच कमी आहे त्याचं आणखी काढून ठेवणं यात काही लाभ नाही. वर सांगितलेल्या नेदरलँड्सच्या १९९३च्या चाचणीतही स्वतःच्या रक्ताने आजार उलटणं कमी झालं नव्हतं. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, कॅन्सर पूर्ण बरा करायचा बेत असताना, टाळतात. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

त्यापेक्षा ऑपरेशनमध्ये ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) देणार आहात का, हे भूलतज्ज्ञांना विचारा. सुरुवातीला १ ग्रॅम आणि शेवटी १ ग्रॅम. ९,५३५ रुग्णांच्या चाचणीत (२०२२) मोठा रक्तस्राव ११.७ वरून ९.१ टक्क्यांवर आला. आधी पायात गुठळी झाली असेल किंवा फिटचा त्रास असेल तर ते आवर्जून सांगा. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या चालू असतील तर त्या कधी बंद करायच्या याची तारीख हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा, मनाने बंद करू नका.

रक्तपेढीने दोन पिशव्यांसाठी चार दाते आणा म्हटलं, वर पैसेही घेतले. हे बरोबर आहे का? (लातूर)

रक्ताची किंमत घेता येत नाही, प्रक्रियेचा खर्च घेता येतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत पॅक्ड सेलच्या एका पिशवीसाठी सरकारी रक्तपेढीत ११०० आणि इतरत्र १५५० रुपये अशी कमाल मर्यादा आहे. न्यूक्लिक ॲसिड तपासणी (रक्तातले विषाणू शोधणारी) किंवा गाळणं यांचे वेगळे लागू शकतात, ते पावतीवर वेगळे दाखवायला सांगा. बदली दाते आणल्याशिवाय पिशवी नाही, अशी अट घालणं स्वेच्छा रक्तदानाच्या राष्ट्रीय धोरणात बसत नाही. ऑपरेशन ठरलेलं असेल तर क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा आधी देऊ नका. मधल्या काळात रक्त चढलं असेल तर नव्याने प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि जुना नमुना चालत नाही. ज्या पिशव्या राखून ठेवल्या पण लागल्या नाहीत, त्या परत केल्याची नोंद बिलात आहे ना, तेही घरी निघण्यापूर्वी बघा.